बाळाची भेट आणि जमिनीचा पट्टा

पाड्यावरच्या आयाबायांनो, भावांनो,

गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवलं. बाळाचं वजन घेणं, ऊब देणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शन देणं. तिसऱ्या वर्षी हजार जन्मांमागे नवजात बाळांचे मृत्यू ६२ वरून २५ च्या आसपास आले. हे काम आपल्यासारख्याच बायांनी घरोघर जाऊन केलं.

आज ते आशाताईकडे आहे. पहिल्या ४२ दिवसांत दवाखान्यातल्या बाळंतपणाला ६ भेटी, घरच्याला ७. आपल्या पाड्यावर त्या होतात का, की नुसत्या रजिस्टरात? ग्रामसभेत विचारा. मात्र ताईवर राग काढू नका, तिचं मानधन वेळेवर मिळावं हेही मागा.

आणि दिवाळीनंतर आई तान्ह्याला घेऊन वीटभट्टीवर गेली, तर ताईने भेट कुणाच्या घरी द्यायची? म्हणून आम्ही म्हणतो, नवरा-बायको दोघांच्या नावाचा वनपट्टा हा बाळाच्या तब्येतीचाही प्रश्न आहे. कसायला हक्काची जमीन असली तर आईला घर सोडावं लागणार नाही.

येत्या ग्रामसभेत दोन्ही ठराव एकत्रच मांडा.