घर-संसार : दुधाची परीक्षा



वैशाख पौर्णिमा आली की सुजातेच्या आठवणीने विहारात आणि घराघरांत खीर होते. ते दिवस आपल्या खान्देशात उन्हाच्या काहिलीचे. भुसावळचा पारा पंचेचाळीसला टेकतो आणि पहाटे काढलेले दूध कॅनमधून वस्तीत येईपर्यंत आंबू लागते. ते चुलीवर फाटू नये म्हणून काही दूधवाले त्यात खाण्याचा सोडा टाकतात. दूध आंबते ते जंतूंमुळे. जंतू आम्ल तयार करतात आणि आम्ल वाढले की दूध फाटते. सोड्याने आम्ल मारले जाते, जंतू मात्र तसेच राहतात. तेव्हा फाटले नाही म्हणजे दूध ताजे, असा हिशेब धरू नये.

हा सोडा जिभेला सहसा कळत नाही. प्रयोगशाळेत दुधात अल्कोहोल आणि रोझॉलिक आम्लाचे थेंब टाकतात. सोडा असेल तर गुलाबी रंग येतो. जंतूंचा अंदाज घ्यायचा तर मेथिलीन ब्लू नावाचा निळा रंग मिसळून दूध अंगाच्या उष्णतेइतके कोमट ठेवतात. जंतू दुधातला प्राणवायू संपवतात आणि निळा रंग उडतो. जितक्या लवकर उडेल तितके दूध वाईट.

आपल्या ओळखीचा तो लॅक्टोमीटर. त्यावर आमचा फारसा भरवसा नाही. तो फक्त दुधाचा जडपणा मोजतो. पाणी घातले की दूध हलके होते आणि लॅक्टोमीटर जास्त बुडतो, इथवर ठीक. पण साय दुधापेक्षा हलकी असते. साय काढून घेतली की उरलेले दूध जड होते. मग बेताने पाणी घाला, काटा पुन्हा जागेवर! साखर किंवा युरिया टाकूनही हेच साधते. म्हणून डेअरीत फॅट वेगळी काढतात, आणि प्रयोगशाळेत दूध किती थंडीला गोठते तेही पाहतात. चांगले दूध शून्याखाली साधारण अर्ध्या डिग्रीवर गोठते; पाणी मिसळले की हा आकडा शून्याकडे सरकतो. पिठाची भेसळ मात्र घरीही कळते. थोडे दूध पाणी घालून उकळावे, थंड करावे आणि टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकावेत. निळे झाले तर पीठ आहे. ते दूध नंतर फेकून द्यावे, पोरांच्या हाती लागू देऊ नये.

२०१८ साली भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. युरिया, साबण यांच्या बातम्या वाचून आपण घाबरतो, पण तब्येतीला अपाय करील अशी भेसळ फक्त १२ नमुन्यांत निघाली. खरी काळजी दुसरीच होती. ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-१ हे विष मर्यादेपेक्षा जास्त सापडले. हे कोणी दुधात घालत नाही. बुरशी आलेला चारा आणि ढेप जनावराने खाल्ली की ते दुधात उतरते. ते यकृताला घातक आहे आणि दूध उकळून जात नाही. कायद्याची मर्यादा किलोला अर्धा मायक्रोग्रॅम, म्हणजे दहा लाख किलो दुधात अर्धा ग्रॅम! एवढेसे विष नाकाला, डोळ्याला कळणार कसे? त्याला यंत्रच लागते.

आपला मुलूख कापसाचा, आणि सरकीची ढेप इथे घरोघरच्या गोठ्यात. पावसाळ्यात ओल लागून तिला बुरशी धरते. ज्यांच्या दारी एखादी म्हैस किंवा गाय आहे, त्यांनी ढेपेचे पोते जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावे आणि काळी-हिरवी पडलेली ढेप जनावराला घालू नये. स्वस्त मिळते म्हणून तर मुळीच घेऊ नये.

‘शुद्ध’ या शब्दाने आपल्या समाजाला फार छळले आहे. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी आपली माणसे प्याली, तर सनातन्यांनी त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून ते ‘शुद्ध’ करून घेतले. त्या तळ्यात जंतू वाढले असतील तर त्या शुद्धीने! आणि ही गोष्ट जुनी झाली असेही नाही. अकरा राज्यांतल्या खेड्यांची एक पाहणी २००६ साली पुस्तकरूपाने आली. कितीतरी गावांत दलितांचे दूध सहकारी डेअरीत घेत नाहीत, असे तिच्यात नोंदले आहे. यंत्राला फॅट आणि डिग्री कळते, कॅन कोणाच्या घरचा ते कळत नाही. म्हणून दूध घालणाऱ्या आपल्या बांधवांनी आपल्यासमोर मशीन लावायला सांगावे आणि आकडा लिहिलेली पावती रोज घ्यावी.

घेणाऱ्यालाही हक्क आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे कोणतेही गिऱ्हाईक फी भरून अन्न विश्लेषकाकडून माल तपासून घेऊ शकते. दोष निघाला तर फी परत मिळते आणि अहवाल पुढच्या कारवाईसाठी अधिकाऱ्याकडे जातो. अट एकच : माल घेतानाच, ‘हा आम्ही तपासायला देणार’ असे विक्रेत्याला सांगावे लागते. महिन्याच्या उधारीवर रतीब असलेल्या एकट्या बाईला हे सोपे नाही. दूधवाला उद्यापासून येणार नाही, ही भीती असते. दहा घरांनी वर्गणी काढून महिला मंडळातर्फे हे करावे. अन्न व औषध प्रशासनाचे कार्यालय जळगावलाही आहे, धुळ्यालाही आहे. बाटली कशी हवी, दूध किती हवे, फी किती, हे तिथे आधी विचारून घ्यावे. आणि नमुना सकाळीच, बर्फात ठेवून न्यावा. दुपारच्या उन्हात नेला तर तो वाटेतच आंबेल.