कोष्टकात नसलेला रकाना

अमेरिकन फुटबॉलमध्ये ‘क्वार्टरबॅक’ हा संघाचा सूत्रधार. प्रतिस्पर्धी अंगावर येऊन आदळण्यापूर्वी, दोन-तीन सेकंदांत, चेंडू कुणाकडे फेकायचा हे त्याला ठरवावे लागते. महाविद्यालयांतून येणाऱ्या या खेळाडूंची व्यावसायिक संघ दरवर्षी आळीपाळीने निवड करतात. तत्पूर्वी उंची, वजन, पंजाची लांबी, धावण्याचा वेग, सारे काही मोजले जाते.

एवढे मोजून साधते काय? २००० साली टॉम ब्रेडीच्या आधी १९८ खेळाडू निवडले गेले. त्यांत क्वार्टरबॅकच सहा होते! चाळीस यार्ड धावायला ब्रेडीला ५.२८ सेकंद लागले होते. पुढे त्याने सात अजिंक्यपदे मिळवली.

मी मोजमापाच्या विरुद्ध नाही. १९९८ साली पहिला निवडला गेलेला पेटन मॅनिंग थोर खेळाडू ठरलाच; पण त्याच्या पाठोपाठ निवडलेला रायन लीफ काही वर्षांतच मैदानाबाहेर गेला. माझी तक्रार वेगळी आहे. जे मोजायला सोपे, तेच महत्त्वाचे मानले जाते. २००० च्या जानेवारीत ‘ऑरेंज बाउल’ सामन्यात मिशिगनचा संघ दोनदा चौदा गुणांनी मागे पडला असता ब्रेडीने तो जिंकून दिला होता. हे सर्वांनी पाहिले. पण कोष्टकात त्याला रकाना नव्हता.

टक्केवारीच्या रांगेत मागे उभा राहूनच मी या महाविद्यालयात आलो. म्हणून गुरुजनांना एवढीच विनंती : गुणपत्रिका जरूर पाहा, पण आमचा खेळही पाहा.