गोड खाऊ या, पण जेवणाबरोबर
पालक, शिक्षक, मंडळांचे कार्यकर्ते आणि दुकानदार यांना जाहीर आवाहन



शाळेत मुलांचे दात तपासताना आम्हा दंतवैद्यांना एक गोष्ट वारंवार जाणवते. ज्यांच्या दाढा किडलेल्या असतात, त्या मुलांच्या घरी रोज काही पक्वान्ने होत नसतात. सकाळी चहा-बिस्कीट, शाळेच्या वाटेवर लिमलेटची गोळी, मधल्या सुट्टीत क्रीमचे बिस्कीट, दुपारी वेफर्स, संध्याकाळी पुन्हा चहा-टोस्ट आणि झोपताना साखर घातलेले दूध. यातले काहीच कोणाला जास्त वाटत नाही. पण अशा मुलाच्या दातांना दिवसातून सहा वेळा मार बसलेला असतो.

दातांवरच्या चिकट थरात जंतू असतात. साखर किंवा मैदा मिळाला की काही मिनिटांतच ते आम्ल तयार करतात. तोंडातला सामू (पीएच) ५.५ च्या खाली उतरला की दाताच्या वरच्या कवचातून, म्हणजे इनॅमलमधून, कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागते. लाळ हे आम्ल निवळवते आणि गेलेले क्षार दाताला परत देते. मात्र त्यासाठी तिला अर्धा तास, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात पुन्हा काही तोंडात टाकले, की लाळेचे काम अर्धेच राहते. इनॅमल हाडापेक्षा कठीण असते, पण त्यात जिवंत पेशी नसतात. त्यामुळे एकदा खड्डा पडला की तो आपोआप भरून येत नाही.

म्हणून आमचे सांगणे एकच आहे. गोड किती खाल्ले याइतकेच ते किती वेळा खाल्ले, हेही मोजा. स्वीडनमधील विपेहोम रुग्णालयात १९४० च्या दशकात यावर मोठा प्रयोग सुरू झाला. बौद्धिक अक्षमता असलेल्या असहाय रुग्णांवर केलेला तो प्रयोग आज कोणीही मान्य करणार नाही. पण १९५४ साली प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष स्पष्ट होता. जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेने कीड फारशी वाढली नाही. दोन जेवणांच्या मधे चघळलेल्या चिकट टॉफीने मात्र ती झपाट्याने वाढली.

गूळ, मध आणि खडीसाखर आरोग्याला चांगली म्हणून मुलांना सढळ हाताने दिली जाते. तोंडातले जंतू मात्र साखर आणि हे पदार्थ असा भेद करत नाहीत. चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, खजूर हे पौष्टिक पदार्थ आहेत, पण ते दाढांच्या खाचांत चिकटून बसतात. त्यांची जागा जेवणाच्या ताटात आहे. कोलाच्या २५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे सहा चमचे साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसभरात शक्यतो एवढ्यावरच थांबावे. शिवाय ही पेये मुळातच आंबट असतात. म्हणून बिनसाखरेचा कोलाही इनॅमल झिजवतो.

आता प्रत्येकाकडे आमचे मागणे.

पालकांना : बाळाला दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका. झोपेत लाळ कमी होते, दूध दातांवर साचते आणि वरचे पुढचे दात आधी किडतात. रात्री ब्रश झाल्यावर फक्त पाणी द्या. फ्लोराइड असलेल्या टूथपेस्टने दिवसातून दोनदा दात घासून द्या. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढे वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. लिंबू सरबत, चिंच किंवा कैरी खाल्ल्यावर लगेच ब्रश करू नका. आधी चूळ भरा आणि अर्धा तास थांबा. मधल्या वेळच्या भुकेला फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, काकडी, गाजर, पेरू किंवा ताक द्या. अगदी लहान मुलांना मात्र आख्खे दाणे देऊ नका, ते घशात अडकू शकतात.

शिक्षकांना : वाढदिवसाला वर्गभर चॉकलेटे वाटण्याऐवजी केळी, पेरू किंवा पेन्सिली वाटायला सांगा. पन्नास मुलांच्या वर्गात वर्षाला पन्नास वाढदिवस येतात. पोषण आहारानंतर सगळ्यांना एकत्र चूळ भरायला लावा. त्याला फक्त नळ आणि दोन मिनिटे लागतात.

मंडळांच्या कार्यकर्त्यांना : प्रसाद हवाच. मोदक, पेढा, शिरा आनंदाने वाटा. पण मांडवात पिण्याचे पाणी ठेवा आणि मुलांना प्रसाद तिथेच खाऊन चूळ भरायला सांगा. स्पर्धेच्या बक्षिसात टॉफीचे डबे नकोत.

दुकानदारांना : सुट्या पैशांच्या बदल्यात गोळी देऊ नका. शाळेजवळच्या दुकानात गोळ्यांच्या बरण्यांच्या पुढे फुटाण्यांची आणि शेंगदाण्यांची पुडी ठेवा. मुले डोळ्यांसमोर दिसेल तेच मागतात.

दुधाचे दात पडणारच, मग काळजी कशाला, असे अनेक घरांत म्हटले जाते. पण किडलेली दाढ दुखते तेव्हा मूल जेवत नाही, झोपत नाही, आणि शाळाही बुडते. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास, एकही दात न पडता, दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. ती कायमची असते. दुधाची समजून तिच्याकडे दुर्लक्ष होते, आणि नेमकी तीच लवकर किडते.

आज रात्री मुलाला उजेडात बसवून त्याचा ओठ वर उचला आणि दाढा पाहा. हिरडीलगत खडूसारखा पांढरा डाग दिसला, तर ती किडीची सुरुवात असू शकते. या टप्प्यावर कीड थांबवता येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत किंवा अंगणवाडीत आले की मुलाचे दात आवर्जून दाखवा. जिल्हा रुग्णालयातही दंतविभाग असतो. दुखायला लागेपर्यंत थांबू नका.

आपले,
शाळांमधून दंततपासणी करणारे दंतवैद्य