करमणुकीची किंमत आणि विद्येचे मोल

ज्याच्या दाराशी गर्दी अधिक तो मोठा, असा एक नवा न्याय आपल्या समाजात रूढ होऊ पाहत आहे. दूरचित्रवाणीवरचा नट लक्षावधी घरांत आनंद पोहोचवितो, पंडिताचा ग्रंथ मात्र शेपन्नास लोक वाचतात; तेव्हा नटाला अधिक मान आणि अधिक धन मिळाले तर बिघडले कोठे, असे सुशिक्षित माणसेही विचारतात. हा युक्तिवाद सोपा आहे; पण खरा नाही.

प्रथम दूरचित्रवाणीला तिचे श्रेय दिले पाहिजे. दिवसभर फायलींत मान घालून घरी परतलेल्या माणसाला घटकाभर विसावा हवा असतो. आपल्यासारख्या परप्रांतात राहणाऱ्यांच्या मुलांना तर आईबापांव्यतिरिक्त मराठी बोलणारी माणसे भेटतात ती बहुधा मालिकांतच. शिवाय हे यंत्र आपल्या देशात आले ते विदूषक म्हणून नव्हे. १५ सप्टेंबर १९५९ रोजी याच दिल्लीत त्याचा प्रायोगिक आरंभ झाला, आणि १९६१ साली दिल्लीच्या शाळांसाठी त्यावरून पाठ सुरू झाले. १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे वर्गही दूरदर्शनवर भरू लागले. अध्यापक घरात आला होता. त्याला बसायला पाट आपण दिला नाही.

म्हणून दोष पडद्याचा नाही, आपल्या मापाचा आहे. 'शीक, म्हणजे मोठ्या पगाराची जागा मिळेल,' याखेरीज विद्येची दुसरी कोणती महती आपण मुलांना सांगितली? टक्के, क्रमांक आणि नेमणूक यांतच आपली विद्याभक्ती संपते. विद्येला एकदा पगाराच्या तराजूत घातले, की नटाचे पारडे जड होणारच. आणि मग तक्रार करण्याचा अधिकारही आपल्याला उरत नाही.

महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० साली निघाला आणि अखेरचा १९६२ साली. या बत्तीस वर्षांचा हिशेब कोणत्या वेतनश्रेणीत बसवावयाचा? १९५३ ते १९५९ या काळात ते राज्यसभेचे नियुक्त सदस्य होते, आणि १९६३ साली राष्ट्राने त्यांना भारतरत्न दिले. एखाद्या मालिकेला एका रात्रीत जेवढे प्रेक्षक लाभतात, तेवढे वाचक त्या ग्रंथाला आजवर लाभले नसतील. तरीही प्राचीन आचार आणि कायदा यांविषयी जबाबदारीने लिहू इच्छिणाऱ्याला त्याच्याकडे वळावेच लागते. एक मालिका संपली की दुसरी तिची जागा घेते. काण्यांची जागा अशी आपोआप भरत नाही. ती भरणारा माणूस समाजाला घडवावा लागतो, आणि विद्येला मान असेल तेथेच तो घडतो.

आता आपल्या उत्सवांकडे पाहा. मालिकेतील कलावंताला प्रवासखर्च, मानधन आणि अर्धी रात्र. अभ्यासकाला शाल, श्रीफळ आणि 'वेळेअभावी दोन शब्द'! गुणवंत मुलांचा सत्कार तर पाहुणे येईपर्यंतची पोकळी भरण्यासाठीच असतो. समोर बसलेले मूल हे सारे पाहते, आणि मोठे कोणाला म्हणावे हे त्याला निराळे शिकवावे लागत नाही.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्या परंपरेचे आपण वारस म्हणवितो. मग येत्या गणेशोत्सवात एक पूर्ण संध्याकाळ एखाद्या अभ्यासकाला द्यावी, कलावंताइतकेच मानधन द्यावे, आणि पहिल्या रांगेत मुलांना बसवावे. श्रोते थोडे येतील. येईनात! नटाला टाळ्या मिळोत, त्या त्याच्या हक्काच्या आहेत. परंतु समाजात मोठे कोण, हे ठरविण्याचे काम टाळ्यांवर सोपविणे हा आपला आळस आहे, आणि त्याचा दंड आपली मुले भरणार आहेत.