ताणावर थेंब, जातीवर मौन



भांगेच्या पानांचा अर्क आज 'विजया' या नावाने ऑनलाइन मिळतो. चार थेंब घ्या, ताण जाईल, झोप लागेल, असा दावा. सोबत हजारो वर्षांच्या आयुर्वेदाची साक्ष. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी, वसतिगृहात राहणारी, कॉल सेंटरला रात्रपाळी करणारी आपली मुले या जाहिरातींचे गिऱ्हाईक होऊ लागली आहेत. म्हणून यावर बोलले पाहिजे.

भूमिका आधीच स्पष्ट करतो. या वनस्पतीतील द्रव्यांवर संशोधन झालेच पाहिजे आणि ते सरकारी पैशातून, उघडपणे झाले पाहिजे. पण त्या संशोधनाचे नाव घेऊन कुणी आपल्या मुलांच्या ताणाचे कारण फक्त त्यांच्या मेंदूत शोधणार असेल, तर त्याला विरोधही झालाच पाहिजे.

आधी विज्ञान पाहू. गांजाच्या झाडात अनेक द्रव्ये असतात. नशा आणते ते टीएचसी. ज्याची चर्चा चालू आहे ते सीबीडी, म्हणजे कॅनाबिडिऑल. त्याने नशा येत नाही. २०११ साली ब्राझीलमध्ये एक प्रयोग झाला. चारचौघांत बोलताना कमालीची भीती वाटणाऱ्या २४ जणांपैकी निम्म्यांना ६०० मिलिग्रॅम सीबीडी आणि निम्म्यांना खोटी गोळी देऊन कॅमेऱ्यासमोर भाषण करायला लावले. सीबीडी घेतलेल्यांची भीती कमी भरली. पुढच्या प्रयोगांत दिसले की ३०० मिलिग्रॅमने उपयोग झाला, पण डोस वाढवल्यावर तो परिणाम टिकला नाही. कोरोनाकाळात त्याच देशात सुमारे १२० आरोग्य कर्मचाऱ्यांवर २८ दिवसांची चाचणी झाली. भावनिक थकवा कमी झाला, पण तिथे खोट्या गोळीशी तुलना नव्हती, आणि काहींच्या यकृतावर परिणाम झाला, त्यातल्या एकाला औषध थांबवावे लागले.

याचा अर्थ एवढाच, की आशा आहे, पण पुरावा अजून तोकडा आहे. अमेरिकेने २०१८ साली सीबीडीच्या औषधाला मान्यता दिली ती लहान मुलांच्या दुर्मिळ अपस्माराच्या आजारांसाठी. ताणासाठी नाही. बाजारातल्या बाटलीचे काय? २०१७ साली अमेरिकेत ऑनलाइन विकत घेतलेली ८४ उत्पादने तपासली, तर लेबलवर लिहिलेले प्रमाण फक्त ३१ टक्के उत्पादनांत खरे निघाले. १८ उत्पादनांत टीएचसी सापडले. तिकडे ही गत, तर इकडे तपासतो कोण?

काही बांधव म्हणतील, आपल्याला पंचशील आहे, बावीस प्रतिज्ञा आहेत, हा विषयच नको. मी आदराने असहमत आहे. पाचवे शील प्रमाद घडवणाऱ्या मादक पदार्थांपासून दूर राहायला सांगते. औषधाचा विचार तथागतांनी वेगळा केला. महावग्गाच्या भेसज्जक्खंधकात आजारी भिक्खूसाठी औषधी तेलात मद्य घालायची परवानगी आहे, अट एवढीच की त्याचा रंग, वास, चव जाणवता कामा नये. म्हणजे मात्रा मोजा, हेतू तपासा. आणि केवळ परंपरा सांगते म्हणून मानू नका, हे कालामांना सांगणाराही तोच बुद्ध. त्यामुळे 'हजारो वर्षांचा वारसा' हा पुरावा आपल्याला चालत नाही. त्याच वारशाने आपल्याला हजारो वर्षे गावकुसाबाहेर ठेवले होते.

आता कायदा पाहा. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. सुटी पाने त्यातून वगळली आहेत, म्हणून भांग सुटते. उत्तरेत सरकारमान्य भांगेची दुकाने चालतात, सणाला ती घोटली की संस्कृती होते, बाटलीत भरली की आरोग्य होते. आणि वस्तीतल्या पोराच्या खिशात थोडा गांजा सापडला, तर एक वर्षापर्यंत सक्तमजुरीची तरतूद. झाड एकच. पोलिसांची गाडी कुठल्या गल्लीत शिरते आणि कुठल्या सोसायटीच्या गेटवर थांबते, हे तुम्हाला सांगायची गरज नाही.

आता मूळ मुद्दा. ब्राझीलच्या प्रयोगशाळेतला कॅमेरा कुणाचे आडनाव विचारत नव्हता. आपल्या मुलांना तोंडी परीक्षेत ते विचारले जाते. दिल्लीच्या एम्समधील भेदभावावर २००७ साली आलेल्या थोरात समितीच्या अहवालात विद्यार्थ्यांनी हेच सांगितले होते: परीक्षक जात थेट किंवा आडून विचारतात, वसतिगृहात वेगळे पाडले जाते. त्यानंतर रोहित वेमुला गेला, पायल तडवी गेली, दर्शन सोलंकी गेला. दर वेळी 'ताण' हा शब्द पुढे येतो आणि तो ताण कुणी दिला हा प्रश्न मागे पडतो. सफाई कामगाराच्या छातीतल्या धडधडीवर थेंब सांगणारे त्याला कायम नोकरी का देत नाहीत?

यावर कुणी म्हणेल, जात जाईपर्यंत आजच्या मुलाने तडफडत राहायचे का? अजिबात नाही. ताण खरा असतो, शरीराला जाळतो, त्यावर उपचार हा हक्क आहे. झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर सरकारी टेलि-मानसच्या १४४१६ वर फोन करा, मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. चालू असलेली औषधे बंद करून थेंब घेऊ नका. सीबीडी फिट्सच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या काही औषधांत ढवळाढवळ करते. गोळी घेणे कमीपणाचे नाही. फक्त गोळी घेतली म्हणून तक्रार मागे घेऊ नका.

म्हणून आपल्या मागण्या अशा असाव्यात. ताणावरच्या सीबीडी चाचण्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत व्हाव्यात, निकाल जाहीर व्हावेत. चाचणीत आपली माणसे घेताना संमतिपत्र त्यांना कळेल अशा मराठीत असावे आणि औषध सिद्ध झाले तर ते सरकारी दवाखान्यात मोफत मिळावे. आपण प्रयोगाला शरीर द्यायचे आणि गोळी दुसऱ्यांनी विकत घ्यायची, हे चालणार नाही. आणि यूजीसीच्या २०१२ च्या नियमांनुसार तुमच्या महाविद्यालयात समान संधी कक्ष व भेदभावविरोधी अधिकारी आहे का, हे उद्याच जाऊन लेखी विचारा. उत्तर आले नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका.

बाबासाहेबांनी शिका म्हटले, त्यात औषधाच्या बाटलीवरचे लेबल वाचणेही आले. संघटित व्हा म्हटले, कारण एकट्याने सोसलेला ताण आजार ठरतो आणि सगळ्यांनी मिळून मांडलेला ताण प्रश्न ठरतो. संघर्ष त्या प्रश्नासाठी करायचा आहे.

जयभीम!