सालदाराचें पोर

एकच बी काळ्या जमिनींत आणि बरडावर सारखें उगवत नाहीं, हें शेतकऱ्यांस सांगावयास नको. माणसाच्या बाबतींत मात्र हा न्याय विसरून आपण गरिबाचें अपयश त्याच्या आळसावर ढकलतों. शहादे-तळोदे भागांतील कित्येक भिल्ल कुटुंबांच्या जमिनी कर्जापायीं सधन शेतकऱ्यांकडे गेल्या व मूळ मालक सालदार झाले. १९७२ सालीं शहाद्यांत श्रमिक संघटना उभी राहिली. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा १९७४ चा. तरीही २०११ च्या जनगणनेंत नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता सुमारें ६४ टक्के, म्हणजे राज्यांत सर्वांत कमी भरली. दिवाळीनंतर आईबाप उचल घेऊन ऊसतोडीस गुजरातेंत जातात, पोरही मागोमाग जातें. बापाची उचल मुलाच्या शाळेच्या वर्षानें फिटते.

हें लिहितांना आमचीच मान खालीं जाते, कारण सालदार ठेवणारे आम्हीच. तेव्हां प्रत्येक सभासदानें मजुरी रोख व वेळेवर द्यावी, सालदाराचें पोर शाळेंत जातें कीं नाहीं हें पाहावें, आणि गांवांत हंगामी वसतिगृह व्हावें म्हणून आग्रह धरावा. ही दया नव्हे, जुनें देणें आहे.