मायनर कुठलं घेऊ, मामा?

गेल्या शनिवारची गोष्ट. चहाचा दुसरा कप घेऊन खिडकीत नुकताच बसलो होतो, तोच बेल वाजली. अंबरनाथ पश्चिमेला राहणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्याकडे शनिवारी सकाळी कोणी आलं तर दोनच कारणं असतात. एक तर सोसायटीत पाणी आलेलं नसतं, नाहीतर कोणाचा तरी प्रिंटर बिघडलेला असतो. पण दारात भाची होती. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, दुसरं वर्ष.

"मामा, सोमवारपर्यंत मायनर निवडायचंय. आई म्हणते एआय घे. बाबा म्हणतात एआय घे. तूही तेच म्हणणार असशील तर मी चहा पिऊन निघते."

आता खरं सांगायचं तर मी तेच म्हणणार होतो. पण असं तोंडावर बोलल्यावर माणसाला जरा विचार करावाच लागतो.

ज्यांनी आमच्यासारखं जुन्या जमान्यात इंजिनिअरिंग केलं त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्या मुख्य शाखेशिवाय दुसऱ्या एखाद्या विषयाचे १८ ते २० जादा श्रेयांक (म्हणजे क्रेडिट्स हो) मिळवले की पदवीवर त्या विषयाचं नाव 'मायनर' म्हणून लागतं. एआयसीटीईने इंजिनिअरिंगसाठी ही सोय केली, मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात ती आली. पाठोपाठ एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने बीए, बीकॉम, बीएस्सीच्या मुलांनाही मेजर-मायनर लागू झालं. कल्पना झकास आहे. एका विषयाचं डबकं करून त्यात बसू नका, शेजारच्या विहिरीतही डोकावा.

मग मी तिची यादी पाहिली. एआय, डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी, ब्लॉकचेन, इंटरनेट ऑफ थिंग्ज... आणि सगळ्यात खाली, बसमधल्या शेवटच्या सीटसारखं, पर्यावरण अभियांत्रिकी.

"आणि हे शेवटचं?"

"सिव्हिलवाले शिकवणार. दहा जण मिळाले नाहीत तर बंद. आत्ता दोनच नावं आहेत म्हणे."

मंडळी, कॉम्प्युटरच्या मुलीने डेटा सायन्सचं मायनर घेणं म्हणजे पोळीबरोबर तोंडी लावायला पोळी. मेकॅनिकलच्या किंवा केमिकलच्या मुलाने घेतलं तर गोष्ट वेगळी, त्याच्या ताटात ती भाजी आहे. पण हिच्या चार वर्षांत या गोष्टी अशाही येणारच आहेत, आणि ज्या येणार नाहीत त्या पहिल्या नोकरीत सहा महिन्यांत अंगवळणी पडतील.

हे मी इतक्या ठासून का सांगतोय, तर माझा एक जुना गुन्हा आहे. तो आजवर इथे लिहिला नव्हता.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका कारखान्याचं काम आलं होतं. कारखान्यातलं सांडपाणी शुद्ध करून बाहेर सोडायच्या जागी सेन्सर बसवलेले. त्यांचे आकडे गोळा करायचे आणि साहेब लोकांना रोज एक सुंदर स्क्रीन दाखवायचा, एवढंच. मी हौसेने बनवला. पाण्याचा पीएच ५.५ ते ९ च्या मध्ये असला पाहिजे असा नियम, म्हणून दिवसभराच्या आकड्यांची सरासरी काढली, मर्यादेत असेल तर हिरवा दिवा, नसेल तर लाल. दिवा रोज हिरवा. सगळे खूश. मीही.

तीनेक महिन्यांनी काही दुरुस्तीला प्रत्यक्ष प्लांटवर गेलो. तिथले ऑपरेटर काका म्हणजे आयटीआयमधून केमिकल प्लांटचा ट्रेड केलेला, पस्तीस वर्षं तिथेच काढलेला माणूस. त्यांनी मला चहा पाजला आणि खिशातून एक छोटी वही काढली.

"सर, तुमच्या टीव्हीवर काल किती होता?"

"सात पॉइंट एक. एकदम मस्त."

"सकाळी चार होता. दुपारी दहा." वही माझ्यापुढे सरकवली. "चार आणि दहाची सरासरी सातच येते सर. पण नाल्याला सरासरी कळत नाही."

कानाखाली बसल्यासारखं झालं. सकाळी आम्लाचं पाणी सुटत होतं, दुपारी अल्कलीचं, आणि माझा प्रोग्रॅम दोघांचं लग्न लावून मोकळा होत होता. पीएच ही लॉगरिदमिक पट्टी. एक अंक खाली म्हणजे आम्लता दहापट, म्हणजे चार पीएचचं पाणी सात पीएचच्या पाण्यापेक्षा हजारपट आम्लधर्मी. हे मी अकरावीत शिकलो होतो! परीक्षेत मार्कही मिळवले होते. पण ते केमिस्ट्रीच्या वहीत राहिलं आणि मी कॉम्प्युटरच्या वहीत प्रोग्रॅम लिहिला. दोन वह्यांची गाठ घालायची असते हे चार वर्षांत कोणी सांगितलंच नाही. मर्यादा प्रत्येक क्षणी पाळायची असते, सरासरीत नव्हे. प्रोग्रॅमची दुरुस्ती अर्ध्या तासाची होती. तीन महिने जे पाणी गेलं ते गेलं.

आणि आपल्याकडचा नाला कुठे जातो हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. शके ९८२ मध्ये, म्हणजे इ.स. १०६० साली, शिलाहारांनी शिवमंदिर बांधलं ते वालधुनीच्या काठावर. त्या नदीला आज आपण सर्रास नालाच म्हणतो. मंदिर दगडाचं म्हणून टिकलं.

तर मुद्दा असा. मायनरचा उपयोग पदवीवर एक जादा ओळ छापायला नाही. ज्या प्रश्नाचा मालक दुसरा कोणीतरी आहे, त्याच्या दारात जाऊन उभं राहायला आहे.

हे कुठे होतं का? होतं, आणि परदेशात जायची गरज नाही. पवईला आयआयटीत 'सितारा' नावाचं केंद्र आहे, ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचं, १९८५ पासून. २००७ पासून तिथे तंत्रज्ञान आणि विकास या विषयात एमटेक आहे आणि त्या मुलांना काही आठवडे गावात मुक्काम ठोकावा लागतो. या केंद्राशी वर्षानुवर्षं जोडलेले मिलिंद सोहोनी मुळात कॉम्प्युटर सायन्सचे प्राध्यापक. संगणकाच्या गणितातल्या अत्यंत अवघड, अमूर्त प्रांतात संशोधन केलेला हा माणूस कर्जत तालुक्यातल्या गावांना उन्हाळ्यात टँकर का लागतो याचा हिशोब मांडत होता. कर्जत! आपल्याच लाइनवरचं. आपण कर्जतचं नाव इंडिकेटरवर वाचतो आणि डब्यात बसायला जागा मिळेल का एवढाच विचार करतो. पुढे २०१६ मध्ये राज्य सरकारने उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू केलं, त्यामागेही हाच विचार. आपापल्या जिल्ह्याचे प्रश्न तिथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजांनी हाती घ्यायचे.

आता तुम्ही म्हणाल, प्लेसमेंटचं काय? रास्त प्रश्न आहे. मी स्वतः मुलाखती घेतो. 'एआय मायनर' लिहिलेले बायोडेटा ढिगाने येतात आणि दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक सगळे सारखेच होतात. त्यात एखादी मुलगी म्हणाली की मी चार महिने एका सांडपाणी प्लांटवर बसून सेन्सर का खोटं बोलतो ते शोधलं, तर मी खुर्ची पुढे ओढून ऐकेन. मात्र सगळे असं करत नाहीत. काही कंपन्यांची चाळणी नुसते शब्द बघते, आणि त्या चाळणीत 'पर्यावरण' हा शब्द गळून पडेल. हे मी तिला लपवलं नाही.

दुसरा आक्षेप, एक ना धड भाराभर चिंध्या. हाही खरा आहे, जर मायनर म्हणजे पाच पेपर, पाच पीपीटी आणि एक व्हायवा असेल तर. हिशोब करून बघा. आठवड्याला एक तास तास घेतला की सत्राचा एक श्रेयांक. १८ श्रेयांक, सत्राचे पंधराएक आठवडे, म्हणजे २७० तास. अंबरनाथहून व्हीटीला जाऊन-येऊन रोज तीन तास धरले तर नव्वद दिवसांचा प्रवास. नव्वद दिवस तुम्ही लोकलमध्ये काढता तेव्हा निदान पोचता तरी! हे २७० तास वर्गातच संपले तर पोरं कुठे पोचली?

माझं मागणं साधं आहे. मायनरचा निदान एक भाग कॉलेजच्या भिंतीबाहेर व्हावा. आणि एक परीक्षक असा असावा जो प्राध्यापक नाही, तर तो प्रश्न रोज अंगावर घेतो. आपल्याकडे काय नाही? एमआयडीसी आहे, आयटीआय आहे, उल्हासनगरचे छोटे कारखानदार आहेत, आणि २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेसला पाण्यात अडकवणारी उल्हास नदीही आहे. विम्कोचा काडेपेटीचा कारखाना गेला, नाक्याला नाव तेवढं राहिलं. उरलेल्या कारखान्यांत त्या काकांसारखी माणसं अजून आहेत. ती निवृत्त झाली की खिशातली वहीही जाणार. तिच्यावर कुठलं विद्यापीठ श्रेयांक देतं?

भाची सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे तू केलेली चूक मी निस्तरायची?"

मी म्हटलं, "हो. मामा कशाला असतात?"

सोमवारी रात्री तिचा मेसेज आला. फॉर्म भरला होता. पर्यावरण. कॅन्टीनमध्ये बसून तिने मैत्रिणींना त्या वहीची गोष्ट सांगितली म्हणे. आत्तापर्यंत सात नावं झालीत, आणि कॉलेजने आणखी एक आठवडा दिलाय.

तीन हवीत. तुमच्या ओळखीत सेकंड इयरला कोणी असेल तर त्याला ही गोष्ट सांगा. असो, चहा गार झाला. पुढच्या शनिवारी आकडा सांगतो. सरासरी नाही, खरा आकडा.